नवेगावच्या पुढचा चढ

नवेगावबांध मागे पडलं की रस्ता जंगलात शिरतो आणि चढ लागतो. घाट म्हणावा असा तो नाही. धानाच्या पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टरही तो चढून जातात. पण त्या उन्हाळ्यात आमची गाडी तिथे पोचली की तिच्यातली ताकदच निघून जायची. पाय पूर्ण दाबला तरी वेग वाढायचा नाही. मागच्या आरशात काळा धूर दिसायचा. मी चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात यायचे, तिसऱ्यातून दुसऱ्यात, आणि मागून आलेली एसटी हॉर्न वाजवत पुढे निघून जायची.

बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना गोंदियाला डायलिसिसला न्यावं लागे. आमचं गाव केशोरीच्या बाजूला, जिल्ह्याच्या पार खालच्या टोकाला, गोंदिया वरच्या. वेळेवर पोचलो नाही तर त्यांचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं जाई, आणि बाबांच्या अंगात साचलेलं पाणी अंगातच राही. दोन-तीन वेळा असं झालं तर काय होईल ते डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं.

पहिल्यांदा गाडी हरली तेव्हा बाबा शेजारच्या सीटवर होते. डावा हात मांडीवर उताणा ठेवून, कारण सुया त्याच हातात टोचायच्या असत.

"परत घे," ते म्हणाले.

"परत?"

"असं रेटत नेलं तं इंजिन बसन. परत घे, बाई. पुढच्या खेपेले पाहू."

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "पण आज वार हाय ना तुमचा."

"मशीन पळून जाते काय?"

मी गाडी वळवली. इंजिनाबद्दल बाबा एक वाक्य बोलले की आमच्या घरात त्यावर दुसरं मत नसायचं.

बाबा मेकॅनिक नव्हते, धानाचे शेतकरी होते. पण आजूबाजूच्या गावांत कुणाचा ट्रॅक्टर अडला, कुणाचा डिझेल पंप बसला, की माणूस आधी आमच्या घरापुढच्या छपरीत येऊन बसायचा. बाबा चहा संपवून उठायचे. चालू इंजिनावर तळहात सपाट ठेवायचे, मान जरा वाकडी करायचे आणि ऐकायचे. मग बोलायचे, आणि ते बोलणं बहुतेक वेळा शिवीपासून सुरू व्हायचं.

मी शाळेत असतानाचा एक प्रसंग मला स्पष्ट आठवतो. सुट्टीत घरी आले होते. गावातल्या एकाने ट्रॅक्टरच्या इंजिनाला सलाईनची नळी जोडून आणली होती. आमच्याकडे ही नळी कुठेही चालते. घरी कुणी आजारी पडलं, कंपाउंडरने खाटेवर सलाईन टांगलं, की नंतर बाटली फेकायची नाही आणि नळीही नाही. बाटलीतून कोंबड्यांना पाणी, नळीतून पंपाला पेट्रोल. बाबांनी ती नळी उपटून त्या माणसासमोर धरली.

"अबे, हिले थंड्या जागी लाव ना. इंजिनवर कायले लावतं? गरम झाली का मऊ पडते, अन् आतून चिपकते. हे रबर नोहे."

"चालते ना भाऊ. आरपार दिसते बी, तेल येऊन राहिलं का नाई ते."

"आरपार तं तुहं डोस्कं बी दिसते. आहे का आत काई?"

छपरीतले सगळे हसले. तो माणूसही हसला. मी दाराआड उभी राहून हसले.

मी मुर्रीला मावशीकडे राहून गोंदियात इंग्रजी माध्यमात शिकले. आई-बाबा आपसात पोवारी बोलतात, माझ्याशी झाडीकडची मराठी. मला सगळं समजतं, पण तोंडातून जे निघतं ते पुस्तकातलं असतं. गावात त्याची थट्टा होते म्हणून मी कमी बोलते. कॉलेज संपवून नागपुरात नोकरी शोधत होते तेव्हा बाबांना हे निघालं, आणि घरात गाडी चालवू शकणारं दुसरं कुणी नव्हतं. बाबांनीच मला त्या गाडीवर शिकवलं होतं. जुनी, डिझेलची, आधी दोघांनी वापरलेली. टर्बोवाली आहे, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा तिला आहे, हे ते पाहुण्यांना आवर्जून सांगायचे. चढावर तिची बारीक शिट्टी सुरू झाली की म्हणायचे, "ऐक. हवा घेऊन राहिली."

त्या उन्हाळ्यात ती शिट्टी बंद झाली.

दुसऱ्यांदा आम्ही परत फिरलो नाही. दुसऱ्या गिअरवर रखडत गेलो. पोचलो तेव्हा बाबांच्या बेडवर एक म्हातारी बाई होती, मशीनला लावलेली. सिस्टर म्हणाली, "अंकल, कितना रुकते? आपका बेड दे दिया. दो दिन में सूजन देखो अपनी." बाबांनी मान हलवली. त्यांचा चेहरा मला हलका वाटला. मी ते पाहिलं आणि थकवा असेल म्हणून सोडून दिलं.

त्या आठवड्यात त्यांच्या पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. त्यांना आडवं झोपता येईना. भिंतीला उशी लावून ते बसून राहायचे आणि आई शेजारी बसून राहायची. मी म्हटलं, भाड्याची गाडी करू. "दुसऱ्याच्या गाडीत ओकत जाऊ काय?" मावशीने फोनवर सांगितलं, मुर्रीला येऊन राहा, दवाखाना जवळ आहे. "मी आपल्या घरून हलत नाई." आईने सरकारी गाडीचं विचारलं. तीही नको.

म्हणजे जायचं तर याच गाडीने, आणि ही गाडी चढत नव्हती.

चौकात एक चुलत काका नेहमी बसलेले असायचे. आमच्या जाण्यायेण्याच्या वेळा त्यांना आमच्यापेक्षा नीट माहीत होत्या. "काऊन वो म्याडम," त्यांनी मला थांबवून विचारलं, "गाडीले बैल जुपू का? माही जोडी रिकामीच हाय." मग काचेतून बाबांकडे वाकून पाहत, "आन तू गा? साऱ्या दुनियेच्या गाड्या सुधरवल्या, आपली नाई सुधरत?"

बाबा म्हणाले, "म्हातारी झाली ते. किती चालन?"

त्या दिवशी डायलिसिस झाल्यावर मी गाडी गॅरेजला नेली. मुर्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं ते गॅरेज बाबांच्या ओळखीचं होतं. तिथे गेलं की बाबा मिस्त्रीच्या खांद्यावरून वाकून पाहायचे आणि एकही बोल्ट त्याला मनासारखा खोलू द्यायचे नाहीत. मिस्त्री त्यांना गमतीने उस्ताद म्हणायचा. त्या दिवशी बाबा उतरले नाहीत. काच वर करून बसून राहिले. डायलिसिसनंतर त्यांना थंडी वाजायची, म्हणून मला त्यात विशेष वाटलं नाही.

मिस्त्रीने काम नीट केलं, हे मी सांगितलं पाहिजे. एअर फिल्टर काढून झटकला. हवेच्या जाड नळ्यांवर साबणाचं पाणी ओतून बुडबुडे येतात का पाहिलं. आले नाहीत. मग त्याने मला बोनेटपाशी बोलावलं आणि टर्बोच्या अंगाला लावलेली पत्र्याची डबी दाखवली. तिच्यातून एक सळई बाहेर येते. इंजिन चालू झालं की एका बारीक नळीतून त्या डबीला ओढ मिळते, सळई वर जाते आणि टर्बो जोरात फिरायला लागतो. त्याने मला स्टार्टर मारायला सांगितला.

"देखो, उठा ना रॉड? मतलब ये ठीक है. फिर भी बूस्ट नहीं बन रहा, मतलब टर्बो अंदर से गया. नागपूर से मंगाना पडेगा." मग काचेवर टकटक करून, "उस्ताद, क्या बोलते? बदल दें?"

बाबांनी आतूनच हात हलवला. राहू दे.

"इतनी पुरानी गाडी में नया टर्बो…" मिस्त्रीने वाक्य सोडून दिलं. बाबांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहायचं टाळलं.

डायलिसिसच्या वॉर्डबाहेर लोखंडी बाकडी आहेत. आई आत बाबांपाशी, मी बाहेर. तिथे बसून मी मोबाईलवर टर्बोबद्दल मिळेल ते वाचलं, पाहिलं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं आपल्या जुन्या गाड्यांसमोर उभी राहून बोलत होती. मला इंजिनाची आवड नव्हती. पण तिथे बसून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि ती माणसं माझ्याशी बोला म्हणत नव्हती. त्यांतला एक जण म्हणाला की बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, कमी पडतो तेव्हा टर्बोला सगळ्यात शेवटी हात लावा. आधी स्वस्त गोष्टी पाहा. आणि दोष ज्या अवस्थेत येतो त्याच अवस्थेत गाडी तपासा.

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आमची गाडी घरून निघताना ठीक असायची. नवेगावपर्यंत ठीक. म्हणजे चांगली तापेपर्यंत. गॅरेजमध्ये पाहिली तेव्हा ती दवाखान्याच्या आवारात चार-पाच तास उभी राहून गार झालेली होती. मिस्त्रीने जे पाहिलं ते खरं होतं, पण ते गार गाडीचं होतं.

पुढच्या वारी आम्ही अंधार असतानाच निघालो. चढावर गाडी नेहमीप्रमाणे हरली. बाबा म्हणाले, "परत घे." मी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही. दुसऱ्या गिअरवर चालवत राहिले. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि मग खिडकीकडे तोंड करून बसले.

दवाखान्यात पोचल्यावर आई त्यांना आत घेऊन गेली. मी इंजिन चालूच ठेवलं आणि बोनेट उघडलं. तोंडावर गरम वाफ आली. सळई खाली लोंबत होती. इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं, धावत जाऊन पाहिलं. सळई हलली नव्हती.

आवारात बोनेट उघडून उभी असलेली मुलगी म्हणजे लोकांना कामच मिळतं. एक जण म्हणाला, पाणी टाका. दुसरा म्हणाला, बॅटरी असन. आपल्या रिक्षात पाय वर घेऊन बसलेला एक रिक्षावाला ओरडला, "दीदी, बोनेट में क्या ढूंढ रहे हो, दूल्हा?" दोघेतिघे हसले. माझे कान तापले. मी मान वर केली नाही.

त्या बारीक नळीला मी हात लावला. ती काळी होती, पण रबरासारखी लागली नाही. बोटांत मऊ पडली, शिजलेल्या शेवईसारखी. मधे एका जागी ती चपटी होऊन आतून बंद झाली होती. मी नीट पाहिलं. नळीवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवलेला, आणि शेवटचं टोक आगकाडीने डाग देऊन चिकटवलेलं, सुटू नये म्हणून.

आमच्या घरी विळ्याच्या मुठीला अशी टेप आहे. टॉर्चला आहे, माझ्या जुन्या सायकलच्या हँडलला आहे. टोकाला असा डाग देणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

इंजिन बंद करून मी टेप सोडवायला लागले. बोट भाजलं. आत सलाईनची नळी होती, पारदर्शक, उष्णतेने पिवळी पडलेली.

आधी मला वाटलं, चूक झाली असेल. मूळची नळी फाटली असेल, हाताशी होतं ते लावलं असेल. आमच्याकडे कुणीही हेच केलं असतं. पण कुणीही केलं असतं, बाबांनी नाही. आणि जुगाड म्हणून लावलेल्या नळीला कुणी टेपखाली लपवत नाही. मी डिकी उघडली. तिथे तुपाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात बाबांचे पाने असतात. पान्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेली, मूळची रबराची नळी होती. डिझेलने पुसलेली, गोल वळवून सुतळीने बांधलेली. मी एका टोकाला बोट लावून दुसऱ्या टोकातून फुंकलं. ती कुठेही फुटलेली नव्हती.

चैत्रातली एक दुपार आठवली. बाबा बराच वेळ बोनेटमध्ये वाकून होते. आईने विचारलं तर म्हणाले, "पाणी पाहून राहिलो." किती दिवसांनी ते गाडीला हात लावत आहेत म्हणून आईला बरं वाटलं होतं. तिने त्यांना तिथेच उभ्या उभ्या चहा नेऊन दिला होता.

मी गाडीत जाऊन बसले. बराच वेळ बसले. ज्याला साऱ्या तालुक्यात इंजिनातलं सगळ्यात जास्त कळत होतं त्या माणसाने विचार करून ठरवलं होतं की कुठे काय लावलं म्हणजे गाडी बंद पडणार नाही, जंगलात अडकणार नाही, कुणाचा जीव जाणार नाही. फक्त पोचायला उशीर होईल. हळूहळू जाणं राहून जाईल. त्यांना डायलिसिसला जायचं नव्हतं.

मग मी मूळची नळी लावली. त्याशिवाय दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. स्टार्टर मारला, सळई टक्कन वर गेली. रिक्षावाला म्हणाला, "मिल गया क्या?"

परतताना आई मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. गोरेगाव गेलं, कोहमारा गेलं. गाडी तापली आणि तरी ओढत राहिली. जंगलातल्या पहिल्या चढाला मी पाय दाबला आणि शिट्टी सुरू झाली. बाबांची मान किंचित वाकडी झाली. त्यांनी उजवा तळहात समोरच्या डॅशबोर्डवर सपाट ठेवला.

मग म्हणाले, "कुठी सापडली?"

"डब्यात."

"फेकवली नाई माह्यानं. चांगली होती."

मी रस्त्याकडे पाहत राहिले.

"ब्रेकले हात नाई लावला मी," ते म्हणाले. "तुले कुठी अडकवन असं काई नाई केलं."

"माहीत आहे मला."

"सांगता येत नोतं. माणूस नाई म्हणते तं सारेच विचारतात, काऊन नाई? मावशी विचारन, डाक्टर विचारन, गाव विचारन. गाडी नाई चालत म्हटलं तं कोणी काई विचारत नाई."

"मग आता मी विचारू?"

"पाणी पेवाव वाटते मले," ते म्हणाले. "गडवाभर. मोजून नाई. आयुष्यभर धानाच्या बांधीत उभा राहिलो गुडघाभर पाण्यात, अन् आता तुही माय वाटीनं देते. सुया खुपसतात त्याचं काई नाई. थंडी वाजते त्याचं बी नाई. पण तहान लागते, बाई. झोपीत बी लागते. अन् हे सारं करून सुधरत तं काई नाई ना? डाक्टरले विचार. सुधरन म्हणते का तो?"

डॉक्टर तसं म्हणत नव्हते. नवी किडनी मिळण्यासारखी त्यांची तब्येत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"आईला?" मी म्हटलं.

"सांगतो मी. तू नको सांगू."

अंगणात गाडी उभी केली तेव्हा आई उठून बसली आणि पिशवी घेऊन उतरली.

पुढच्या वारी मी नेहमीच्या वेळी गाडी बाहेर काढून इंजिन चालू ठेवलं. बाबा छपरीत खुर्चीवर होते. अंगात घरचाच सदरा. आई दारात आली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"सांगू नका," आई म्हणाली. "आयकलं मी त्या दिवशी. झोपली नोती."

"मरायचं असन तं मरा तुमी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पण पोरीले त्या जंगलात दुसऱ्या गिअरवर फिरवलं, तुमाले लाज नाई वाटली?" ती आत गेली. मला वाटलं ती रडेल. आतून मडक्यावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला. ती काठोकाठ भरलेला गडवा घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला. थोडं पाणी सांडलं.

बाबांनी दोन्ही हातांनी गडवा उचलला आणि मान मागे टाकून पाणी प्यायले. मधे थांबले नाहीत. गळ्याची घाटी वर-खाली होताना मी पाहत होते. बाहेर गाडी चालूच होती. मी जाऊन ती बंद केली.

त्यानंतरचे दिवस सोपे गेले नाहीत. कुणी सांगितलं की अशा वेळी माणूस झोपेत शांत जातो, तर मी काही बोलत नाही. ज्या पाण्यासाठी त्यांनी डायलिसिस सोडलं होतं तेच त्यांच्या छातीत चढत गेलं. डॉक्टरांशी मी फोनवर बोलले. त्यांनी समजावलं, मग रागावले, मग श्वासासाठी काही गोळ्या सांगितल्या. गावातली माणसं येऊन बसायची. चुलत काका आले आणि पहिल्यांदाच थट्टा न करता बसून राहिले. शेवटी जाताना म्हणाले, "गाडी सुधरली म्हणते ना गा तुही?" बाबांनी मान हलवली. पाऊस लागला होता आणि बांधीत धानाची रोपं लावणाऱ्या रोवणीच्या बाया होत्या. त्यांची गाणी छपरीपर्यंत यायची आणि बाबा भिंतीला टेकून, तोंड उघडं ठेवून ऐकायचे.

एके दिवशी सकाळी त्यांना श्वास मिळेना. ओठ निळे झाले. ते काहीतरी म्हणत होते. आईने कान जवळ नेला.

"गाडी काढ म्हणतात," आई म्हणाली.

त्यांना दवाखान्यात जायचं होतं का, हे मला आजही माहीत नाही. कदाचित भीती वाटली असेल. कदाचित फक्त गाडीत बसायचं असेल. विचारायला वेळ नव्हता आणि सांगायला त्यांच्याकडे श्वास नव्हता. मी आणि काकांनी त्यांना धरून पुढच्या सीटवर बसवलं, आडवं करणं शक्यच नव्हतं. आई मागे बसली आणि सीटच्या दोन्ही बाजूंनी हात घालून तिने त्यांचे खांदे धरले.

मी इतक्या वेगाने कधी चालवलेलं नाही. नवेगाव मागे पडलं. चढ समोर आला तेव्हा सवयीने माझा हात गिअरवर गेला, तिसरा टाकायला. मग मी हात काढला. चौथ्यातच पाय दाबला. गाडीने कुरकुर केली नाही. शिट्टी बारीक सुरू झाली आणि चढत गेली, काच बंद असूनही गाडीभर ऐकू येत होती. मी एकदा डावीकडे पाहिलं. बाबांचा तळहात डॅशबोर्डवर होता. पुन्हा पाहिलं तेव्हा तो मांडीवर होता, आणि मला वाटलं, थकले असतील.

चढ संपला. पुढे रस्ता सरळ होता, रिकामा. मी आणखी पाय दाबला.

"हळू चालव," आई मागून म्हणाली. तिचे हात अजून त्यांच्या खांद्यांवर होते. "हळू चालव, बाई. आता घाई नाई."

मी पाय उचलला. शिट्टी उतरत उतरत बंद झाली.